आईची बारावी

घरात बारावीचं पोर असलं की आमच्या लातूर-नांदेडकडच्या घराला सोवळं, सुतक आणि संचारबंदी या तिन्ही गोष्टी एकदम लागू होतात. टीव्ही बंद. पाहुणे बंद. "सध्या बारावी आहे हो," एवढं म्हटलं की सख्खी आत्यासुद्धा लग्नाची पत्रिका दारातूनच देऊन परत फिरते. आजोबा खोकला दाबतात. कुकरने शिट्टी मारली तर सगळे तिच्याकडे रागाने बघतात. पोराने ताट सरकवलं तर चालतं, बहिणीवर खेकसलं तर चालतं, रात्री दोन वाजता मॅगी मागितली तर तीही मिळते. "त्याला टेन्शन आहे, कुणी काही बोलू नका," असा हुकूम सुटलेला असतो. परीक्षा आहे ना!

याच घरात, याच वर्षी, आणखी एका माणसाची परीक्षा चालू असते. तिला अभ्यासक्रम नाही, वेळापत्रक नाही, निकालाची तारीख नाही आणि एटीकेटी तर नाहीच नाही. हे माणूस म्हणजे रात्री दोन वाजता मॅगी करून देणारं माणूस.

हिशेब करून बघा. तेविसाव्या वर्षी लग्न. दोन-अडीच वर्षांनी थोरली. तीन वर्षांनी धाकटा. धाकट्याची बारावी आली की आई सेहेचाळीसची. आणि भारतातल्या बाईची पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे, म्हणजे पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. याला योगायोग म्हणत नाहीत, अंकगणित म्हणतात. हिंगोलीहून, परभणीहून, पार यवतमाळहून पोरं शिकायला लातूरला नि नांदेडला येतात, आणि पुष्कळदा त्यांच्यामागे डबा करायला आईही येते. एक खोली, एक गॅस, एक कूलर. कूलरचं तोंड पोराकडे. आणि जिच्या अंगातून वाफा निघताहेत ती भिंतीकडे तोंड करून पदराने वारा घेते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की कूलर थोडा इकडे वळवा. पण एवढं साधं म्हणणं आमच्याकडे कुणी ऐकत नाही, म्हणून ते जरा भांडून मांडते.

माझं माहेर लातूरचं नि सासर नांदेडचं. त्यामुळे दोन्हीकडच्या बायकांची गाऱ्हाणी माझ्या कानांवर येतात. या दोन गावांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. २००९ साली विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावरून असं रान पेटलं होतं, की माहेरी जाताना मी कुठल्या बाजूची हे आधी ठरवून घ्यावं लागे. मराठवाड्याने महाराष्ट्राला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले, आणि चारही याच दोन जिल्ह्यांच्या राजकारणातले. एवढे वक्ते निपजणाऱ्या भूमीत पंचेचाळिशीच्या बाईला काय होतं हे सांगायला मात्र बोलीत एक धड शब्द नाही. 'रजोनिवृत्ती' आहे, पण तो पुस्तकातून बाहेर येत नाही. शिवाय निवृत्ती म्हटलं की निदान पेन्शन तरी असावं! बोलीत काय म्हणतात? "सुटलीस बाई!" म्हणतात. शेजारीण म्हणते, "सुटलीस माय, आता सोवळ्याचं कर, पापड कर, लोणचं घाल." म्हणजे मी सुटले ती कामाला मोकळी झाले.

आणि सुटायच्या आधीची जी चार-सहा वर्षं असतात, त्यांचं काय? त्यांना तर नावच नाही. पहाटे तीनला झोप उडते. छातीत धडधडतं. काही घडलेलं नसतं, पण काहीतरी घडणार आहे अशी खात्री वाटते. पोरगं क्लासहून दहा मिनिटं उशिरा आलं की ते ट्रकखाली सापडलेलं दिसतं. मिक्सरचं झाकण सापडलं नाही म्हणून रडू येतं, आणि सापडलं की रडत होतो याचा राग येतो. मध्येच मानेपासून कपाळापर्यंत कुणीतरी निखारा फिरवावा तसं होतं. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे गेलेला असतो तेव्हा हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण सगळं गावच निथळत असतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. पण डिसेंबरात, सगळे गोधडीत गुरफटलेले असताना, एक बाई उठून खिडकी उघडते तेव्हा घरातले म्हणतात, "काय होयलंय तुला? उगं टेन्शन घ्यायलीस!"

हे 'उगं' माझ्या डोक्यात जातं.

का होतं ते सांगते, फार अवघड नाही. इस्ट्रोजेन नावाचं जे संप्रेरक बाईच्या अंगात असतं, ते एके दिवशी टाकी रिकामी व्हावी तसं संपत नाही. आधी काही वर्षं ते आमच्या खेड्यातल्या विजेसारखं वागतं. कधी दिवा भक्कन पेटतो, कधी मिणमिणतो, कधी दोन तास गायब. मेंदूचा जो भाग अंगाचं तापमान सांभाळतो, त्याचं गणित या चढउताराने बिघडतं, आणि तो जराशा कारणावरून बंब सोडतो. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी ऐकलं होतं. इथे आगच नाही आणि बंब मात्र घरोघरी. प्रोजेस्टेरॉन नावाचं दुसरं संप्रेरक आहे. त्याच्यापासून मेंदूला निववणारा एक पदार्थ तयार होतो. तोही कमी होतो. मग झोप उडते, आणि उडालेल्या झोपेच्या जागी काळजी येऊन बसते.

याच सुमारास घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या तोंडावर मुरुमं आलेली असतात, आणि ते दारं आपटत असतं. त्याबद्दल घरातले समजूतदारपणे म्हणतात, "वय आहे, हार्मोन्स आहेत." आईने दार आपटलं तर म्हणतात, "हिचा स्वभावच असा." हार्मोन पोराच्या अंगात असला की विज्ञान, आणि आईच्या अंगात असला की स्वभाव! हा शोध कुठल्या शास्त्रज्ञाने लावला ते मला अजून कळलेलं नाही.

माझ्या विरुद्ध पक्षात चार तुकड्या आहेत. एकेकीचा समाचार घेते.

पहिली तुकडी 'चालायचंच'वाल्यांची. हिच्यात बहुतेक आजेसासवा. "आमच्या वेळी नव्हतं माय असलं काही." अहो, होतं! तुमच्या वेळी अमकीच्या अंगात यायचं, तमकीला चक्कर यायची, तिसरी विहिरीवर तासन्‌तास नुसती बसून राहायची आणि चौथी सुनेला छळायची. या सगळ्यांचं मूळ हार्मोनांत होतं असं मी म्हणत नाही, पण त्यांतल्या एकीलाही कुणी विचारलं नाही हे तर खरं? आणि दुसरी गोष्ट अशी, की १९५१ च्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुष्यच बत्तीस-तेहेतीस वर्षांचं होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा फार मोठा होता हे मान्य. तरी आज ते सत्तरीला पोचलं आहे. म्हणजे पाळी गेल्यावर बाईला अजून पंचवीस-तीस वर्षं काढायची असतात. आयुष्याच्या एवढ्या मोठ्या तुकड्याला 'चालायचंच' म्हणून कसं चालेल? घराचं छत गळायला लागलं तर आपण 'चालायचंच' म्हणतो का? पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यांत वेगाने झिजतात, हृदयाचं पूर्वीचं संरक्षण कमी होतं. छत नेमकं तेव्हाच शाकारायचं असतं.

दुसरी तुकडी 'मनाचे खेळ'वाल्यांची. या तुकडीत शिकलेले लोक फार. माझ्या एका मैत्रिणीला एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत तपासून सांगितलं, "काही नाही ताई, मन रमवा." ती बिचारी दोन महिने मन रमवत होती. मग दुसरीकडे रक्त तपासलं तेव्हा थायरॉइड बिघडलेला निघाला आणि हिमोग्लोबिन आठ. धडधड, घाम, चिडचिड, थकवा ही लक्षणं थायरॉइडने होतात, रक्त कमी असल्याने होतात, पाळी जाताना होतात आणि खऱ्याखुऱ्या चिंतेच्या आजारानेही होतात. यांतलं काय आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. साखर, रक्तदाब, थायरॉइड, हिमोग्लोबिन या काही चंद्रावर जाऊन करायच्या तपासण्या नव्हेत. पाळी बारा महिने पूर्ण बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र एक दिवसही न थांबता डॉक्टर गाठावा. ते 'परत आली वाटतं' म्हणून हसण्यावारी न्यायचं नसतं. आणि चिंता मनाची असली तरी ती खोटी कशी? दात दुखतो तेव्हा 'दाताचे खेळ' म्हणतं का कुणी?

तिसरी तुकडी सगळ्यांत धोक्याची. तिचा मंत्र एकच, "पिशवी काढून टाका." हे वाक्य आमच्याकडे लोक इतक्या सहज उच्चारतात, की जणू भाजीची पिशवी खुंटीवरून काढायची आहे. इथे मला थोडं थट्टा बाजूला ठेवून बोललं पाहिजे.

लातूरला लागूनच बीड जिल्हा आहे. तिथल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गोष्ट २०१९ साली देशभर गाजली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं तर तो खाडा, आणि खाड्याचा दंड. फडात पाणी नाही, आडोसा नाही, आणि दर महिन्याला पाळी मात्र येणार. मग तिलाच कायमची सुट्टी! शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ब्याऐंशी हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. दर सहा जणींत एक. पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गरज नसताना होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांना आळा घालायला सगळ्या राज्यांना बजावलं.

गर्भाशय काढावं लागतच नाही असं नाही. कॅन्सर असेल, न थांबणारा रक्तस्राव असेल, मोठ्या गाठी असतील, अंग बाहेर येत असेल, तर काढावं लागतं. पण धडधड, घाम, चिंता यांच्यासाठी? इस्ट्रोजेन गर्भाशयात तयारच होत नाही, ते अंडाशयात होतं. म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. उलट गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली, तर जे चार-सहा वर्षांत हळूहळू व्हायचं ते एका रात्रीत होतं. अंडाशयं ठेवली तरी त्यांचं काम नेहमीपेक्षा लवकर थांबण्याचा संभव असतो. आपण मध्यमवर्गीय बायका, आपल्याला कुठला मुकादम, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघावं. बारावीच्या वर्षात एक दिवस आडवं पडून दाखवावं. खाडा लागतो की नाही ते संध्याकाळपर्यंत कळेल.

आता चौथी तुकडी. ही गोड बोलणारी आहे, म्हणून तिच्याशी भांडणं जास्त अवघड. ही 'जीवनशैली'वाल्यांची. महिला मंडळात यांचं व्याख्यान असतं, शेवटी छापील पत्रक मिळतं. रोज पाऊण तास चाला. अर्धा तास योगासनं करा. पंधरा मिनिटं प्राणायाम. सात-आठ तास झोपा. ताजं आणि घरचंच खा. एखादा छंद जोपासा. ताण टाळा.

मी पत्रक घेऊन घरी आले आणि वहीत बेरीज मांडली. झोप आठ तास. चालणं, योग, प्राणायाम दीड तास. छंद अर्धा तास. उरले चौदा तास, तेवढ्यात नोकरी असली तर नोकरी, सासूबाईंचं औषधपाणी, मुलाचे दोन डबे, आणि ते 'ताजं आणि घरचं'. ते ताजं करायचं कोणी, हे पत्रकात नव्हतं. मुळात 'जीवनशैली' हा शब्दच मला पटत नाही. शैली लेखकाला असते. बाईला वेळापत्रक असतं, आणि तेही दुसऱ्याचं. 'ताण टाळा' म्हणजे नेमकं काय करायचं? ताण दारात आला की "सध्या बारावी आहे हो" म्हणून परत पाठवायचा?

म्हणून पत्रकात लिहिलेलं खोटं आहे का? अजिबात नाही. शब्दन् शब्द खरा आहे, आणि म्हणूनच राग येतो. आठवड्यातून दीडशे मिनिटं भरभर चालावं आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम करावा, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्याने झोप सुधारते, मन ताळ्यावर येतं, हाडं टिकतात, साखर आटोक्यात राहते. माझा वाद औषधाशी नाही, ते एकट्या बाईने चोरून घ्यायचं या अटीशी आहे.

घराला बदलता येत नाही असं कुणी म्हणत असेल तर एक उदाहरण देते. आमच्या ह्यांचा रक्तदाब पहिल्यांदा वरचा एकशे पन्नास निघाला, त्या दिवसापासून आमच्या घरातलं मीठ कमी झालं. ह्यांचं एकट्याचं नव्हे, सगळ्यांचं! लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. पापड गेले. सासूबाई, मुलं, मी, सगळे महिनाभर अळणी वरण गिळत होतो आणि "सवय होते" असं एकमेकांना सांगत होतो. एका माणसाच्या रक्तदाबासाठी पाच माणसांची जीवनशैली एका दुपारीत बदलली. तर मग माझ्या झोपेसाठी एका माणसाला सकाळचा चहा स्वतःचा स्वतः करता येऊ नये?

चालण्याचंच घ्या. लातूरला नाना-नानी पार्क आहे. नाव किती समतेचं! पण सकाळी सहाला जाऊन बघा. नाना चालत असतात. नानी घरी असते, कारण नाना चालून आले की त्यांना चहा लागतो. नांदेडच्या विसावा उद्यानातही विसावा कोण घेतं ते तुम्ही मोजून बघा. "तू तर दिवसभर घरात चालतेच की," असं आम्हाला सांगतात. ओट्यापासून फ्रीजपर्यंत चार पावलं, मग थांबा, मग परत चार पावलं. याला चालणं म्हणत नाहीत, येरझारा म्हणतात, आणि त्याने हृदयाला काही पोचत नाही. "आणि वजनं कशाला उचलायची? बादल्या उचलतेस की!" असंही म्हणतात. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी नि पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात आमच्या माहेरच्या बायकांनी इतक्या घागरी वाहिल्या, की तो व्यायाम असता तर लातूरची एक तरी बाई ऑलिंपिकला जायला हवी होती. गेल्या त्या सगळ्या हाडांच्या डॉक्टरकडे. कंबरेत वाकून ओझं उचलणं आणि शिकून, बेताने, पाठ सरळ ठेवून वजन उचलणं, यांत ओव्हरटाइम नि अभ्यास यांच्याइतका फरक आहे.

खाण्याचं तर आमच्याकडे सोनं आहे, पण ते ताटात वाढायचं कुणाच्या ध्यानात नाही. ज्वारीची भाकरी, करडईची भाजी, जवसाची चटणी, तीळ, हरभरा, तूर. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव काय निघाला याकडे सगळा महाराष्ट्र कान लावून बसतो, पण सोयाबीन खाणारं घर मला लातुरात शोधावं लागतं. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखे दिसणारे पदार्थ असतात, म्हणून ते खाल्लं की वाफा थांबतात असं पत्रकात होतं. त्याचा पुरावा तितकासा पक्का नाही. पण प्रथिनं भरपूर, हे पक्कं आहे, आणि स्नायू टिकवायला ती लागतात. येळवसेला आमच्याकडे सगळं गाव शेतात जातं. भज्जी असते, तिच्यात डझनभर भाज्या नि कोवळे दाणे, ज्वारीची आंबील, अंगावर कोवळं ऊन, पायाखाली माती, भोवती माणसं. आहारतज्ज्ञाला आणि मानसोपचारतज्ज्ञाला एकत्र बसवलं तरी याहून चांगला दिवस आखता येणार नाही. फक्त त्या दिवसासाठी आदल्या रात्रीपासून चुलीपुढे जागतं कोण, तेवढं विचारू नका.

आणि हेही स्पष्ट सांगते, की चालून नि भाकरी खाऊन सगळ्यांचं सगळं बरं होतं असं नाही. काही जणींना औषध लागतं, आणि ते घेण्यात कमीपणा नाही. हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं की बायका दचकतात. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने त्यांचे धोके सांगितले, तेव्हापासूनचं हे भय. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला त्रास फार असेल, तर फायदा बहुधा धोक्याहून जास्त असतो असं आता तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कॅन्सर झालेली, रक्ताच्या गुठळ्या झालेली अशा काही जणींना मात्र त्या चालत नाहीत. हे ठरवायचं डॉक्टरांनी, समोर बसून, बाईचं सगळं ऐकून. शेजारणीची गोळी मागून घ्यायला ती काही विरजण नव्हे. शिवाय बोलून करायचा उपचारही असतो. भीतीचा विचार आला की त्याला कसं हाताळायचं हे तो पद्धतशीर शिकवतो, आणि त्याने झोपेला नि वाफांच्या त्रासाला उतार पडतो हे तपासून पाहिलेलं आहे. 'मन रमवा' आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुरुषांचंही होतं की, असं आमचे हे म्हणतात. होतं ना. त्यांचं टेस्टोस्टेरॉनही चाळिशीनंतर दर वर्षी थोडं थोडं ओसरतं. पण ते बालाघाटाच्या उतारावरून बैलगाडी उतरावी तसं, सावकाश. आमचं मात्र घाटात ब्रेक निकामी झालेल्या एसटीसारखं, आणि वर कंडक्टर म्हणतो, "बाई, ओरडू नका."

जागतिक रजोनिवृत्ती दिन १८ ऑक्टोबरला असतो. २०२५ साली नेमकी त्या दिवशी धनत्रयोदशी होती, म्हणजे आरोग्याची देवता धन्वंतरीच्या पूजेचा दिवस. आमच्या आळीतल्या तमाम पंचेचाळीस ते पंचावन्न वयाच्या बायका त्या दिवशी तापलेल्या कढईपुढे चकल्या तळत होत्या. यापेक्षा समारंभपूर्वक साजरा करता आला नसता!

पहाटेच्या वेळेबद्दल मात्र मला थट्टा सुचत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. त्या भागातल्या ज्या बायका तेव्हा पंधरा-वीस वर्षांच्या होत्या, त्या आज पन्नाशीच्या आसपास आहेत. पहाटे साडेतीन-चारला धडधडून जाग येणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की तेव्हा जमीन हलली म्हणून सगळा देश धावून आला; त्यांची घरं पुन्हा बांधून दिली. आता बाई आतून हलते तेव्हा शेजारचा माणूस कूस बदलतो. सगळा देश धावून यावा असं कुणीच म्हणत नाही. शेजारच्या माणसाने उठून पाण्याचा तांब्या द्यावा आणि "फार होयलंय का?" एवढं विचारावं. दिवा लावून पाच मिनिटं बसावं. डॉक्टरकडे जाताना "तू जाऊन ये" न म्हणता बरोबर यावं.

म्हणून माझी मागणी अशी आहे. लातूर पॅटर्नने सगळ्या महाराष्ट्राला दाखवून दिलं, की साध्या घरातली, खेड्यापाड्यांतली पोरं शिस्तीने, सरावाने, वरचेवर चाचण्या देऊन पहिली येऊ शकतात. त्यात पोराची हुशारी होती, पण त्याच्यामागे अख्खं घर उभं होतं. तोच पॅटर्न आता आईला लावा. सकाळचा पाऊण तास तिचा. त्या वेळात चहा, दूधवाला आणि दाराची बेल बाकीच्यांनी सांभाळायची. रात्री दहानंतर स्वयंपाकघर बंद. मॅगी ज्याची त्याने करायची, नीटमध्ये सहाशे गुण घेणाऱ्याला दोन मिनिटांची कृती वाचता यायला हरकत नाही. वर्षातून एकदा तिच्या चाचण्या, आणि निकाल आला की पोराचा बघतात तसा सगळ्यांनी चष्मा लावून बघायचा. तिने चिडून काही म्हटलं तर "तिला परीक्षा आहे, कुणी बोलू नका," असा हुकूम सुटला पाहिजे. लग्नाच्या पत्रिका, मुंजीची बोलावणी, 'चार दिवस राहायला येतो' असे फोन, सगळ्यांना एकच उत्तर: "सध्या आईची बारावी आहे हो!"

टीव्ही मात्र बंद करायचा नाही. ही परीक्षा पाच-सहा वर्षं चालते. रिमोट इकडे द्या, आणि तो कूलर वळवा.